शाळेंतलें पहिलें वर्ष

मूल पहिल्यांदा शाळेंत जाऊन घरीं परत आलें म्हणजे वडील माणसांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो, "आज काय लिहिलेंस?" मूल म्हणालें, "आज आम्ही चिंचोके खेळलों, मग मातीचा बैल केला," तर विचारणाऱ्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडते. दुसऱ्या दिवशींहि तेंच उत्तर आलें तर आठी खोल जाते, आणि आठवड्याअखेर आईबाप शाळेच्या दारांत उभे राहतात. पाटी कोरी, वही कोरी, मग मूल शाळेंत जातें तें कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल शहरांतील सुशिक्षित घरांतून जितका ऐकूं येतो तितकाच खेड्यांतहि येतो. मात्र त्या उतावळीची किंमत दोन्हीकडे सारखी पडत नाहीं. शहरांतल्या मुलाचें शाळेंत जें राहून जातें तें घरीं पुष्कळसें भरून निघतें. घरांत वर्तमानपत्र येतें, आई गोष्ट वाचून दाखविते, रस्त्यानें जातां जातां दुकानांच्या पाट्या डोळ्यांखालून जातात. ज्या घरांत छापील कागद म्हणजे शिधापत्रिका आणि भिंतीवरची एखादी दिनदर्शिका एवढाच असतो, त्या घरच्या मुलाचें पहिल्या वर्षीं राहून गेलें तर तें पुढें भरून निघण्याचा संभव फार थोडा. म्हणून पहिल्या वर्षाचा विचार अशाच मुलाच्या बाजूनें करून पाहावा हें बरें.

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईकरांस अगदींच परके नाहींत. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग ज्या तानसा व भातसा जलाशयांतून येतो, ते शहापूर तालुक्यांतले. आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी वाट मुरबाडवरून जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हां हे दोन्ही तालुके ठाण्याकडेच राहिले. डोंगरांच्या कुशींत पांगलेल्या वाड्या व पाडे, भात, नाचणी आणि वरीचीं शेतें, आणि कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. शाळा बहुतेक जिल्हा परिषदेच्या. पुष्कळ ठिकाणीं शिक्षक दोन आणि यत्ता चार-पांच.

शाळा जूनच्या मध्यास उघडते. त्याच सुमारास पाऊस लागतो, राबांतील रोपें वर येतात आणि पाहतां पाहतां आवणी येऊन ठेपते. मोठीं माणसें गुडघाभर चिखलांत आणि सहा वर्षांचें मूल बांधावर धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेलें, असे ते दिवस. पुढें दिवाळी होते, भात झोडून होतें, कीं कातकऱ्यांचीं आणि कांहीं ठाकरांचींहि कुटुंबें भिवंडी, कल्याण, वसई या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. मुलें अर्थात् बरोबर. म्हणजे शहरांतल्या मुलाचें पहिलें वर्ष दहा महिन्यांचें, तर ह्या मुलाचें चार-साडेचार महिन्यांचें. त्यांतूनहि आवणीचे आणि ओढ्याला पूर आल्याचे दिवस वजा जावयाचे.

ह्या चार महिन्यांत काय करावें? वेळ थोडा आहे, तेव्हां मुळाक्षरें भराभर गिरवून घ्यावीं, असें पुष्कळांस वाटतें, आणि वाटणें स्वाभाविक आहे. पण वेळ थोडा आहे म्हणूनच तसें करूं नये. याचें कारण सहा वर्षांच्या मुलाचा हात, कान आणि जीभ यांच्याकडे पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

माणसाच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं सारीं कूर्चेचीं, म्हणजे मऊ असतात. वर्षें जातात तसतशीं तीं एकेक करून कठीण होऊं लागतात, आणि शेवटच्याची पाळी येते ती नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. सहाव्या वर्षीं हें काम अर्धेंमुर्धेंच झालेलें असतें. अशा हातांत पेन्सिल देऊन पानभर 'अ' काढावयास सांगितलें म्हणजे मूल पेन्सिल मुठींत आवळतें, खांद्यापासून हात ओढतें आणि दोन ओळींत थकतें. शिक्षक म्हणतात, ह्याचें अक्षर वाईट. वास्तविक तें अक्षर अजून यावयाचेंच असतें.

पण ह्या मुलाचा हात अनाडी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ओढ्याच्या दगडाखालचा खेकडा नांगी लागूं न देतां पाठीकडून धरणारें, पळसाच्या पानाचा द्रोण काडीनें टोचून नीट बसविणारें, करवंदीच्या कांट्यांतून हात न ओरबाडतां फळ काढणारें तें मूल आहे. त्या बोटांना फक्त पेन्सिलीची ओळख नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेला आज कोणी चांगलें म्हणणार नाहीं, आणि तेथील छडीबद्दल तर बोलावयासच नको. पण त्या शाळेंतील धूळपाटी ही एक शहाणपणाची वस्तु होती. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, चुकलें तर तळहात फिरवून पुसावयाचें. 'ओनामा' अशा रीतीनें होई. चूक कागदावर कायमची राहत नसे, म्हणून चुकण्याची भीतिहि थोडी असे.

त्याच मार्गानें जावयाचें तर पहिल्या वर्षाचें साहित्य विकत आणावें लागत नाहीं. पावसाळ्यांत शाळेच्या अंगणांत माती भिजलेलीच असते. तिची लांब वळी करावी, मुलें तिला साप म्हणतात. साप वांकवून त्याचा 'ट' होतो, शेपूट आणखी वळविलें कीं 'ठ'. जमिनीवर काडीनें रेघ ओढून तिच्यावर चिंचोके मांडावे, रांगोळीच्या ठिपक्यांना ठिपके जोडावे, कागद फाडून चिकटवावा, झाडाचें पान ठेवून त्याच्या कडेनें खडू फिरवावा. गुंजा दिसावयास फार सुंदर, मुलांना त्यांचा मोह पडतो. पण गुंजेचें बीं विषारी असतें, तेव्हां तिला वर्गांत मुळींच थारा देऊं नये.

हातापेक्षां कानाचें व जिभेचें काम अधिक नाजूक. शहरांतील मुलाच्या घरची भाषा आणि पुस्तकांतील भाषा यांत थोडें अंतर असतेंच. पण ठाकूर किंवा कातकरी मुलाच्या घरीं बोलली जाते ती बोली आणि पाठ्यपुस्तकांतील मराठी यांत अंतर इतकें कीं, पहिले कित्येक दिवस त्याला शिक्षकाचें बोलणें अर्धवटच समजतें. तें गप्प बसतें. घरीं झाडावर चढून आरोळ्या ठोकणारें मूल वर्गांत भिंतीशीं अंग चोरून बसतें, आणि त्याच्या नांवापुढें 'मंद' हा शब्द लागतो. एकदां लागलेला हा शब्द पुढें पुसला जाण्यास फार वर्षें लागतात. महाराष्ट्रांत एप्रिल २०२५ मध्यें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा शासननिर्णय निघाला, त्यावर पुष्कळ वाद झाला आणि जूनअखेर तो निर्णय मागें घेण्यांत आला. त्या वादांत मराठी ही ज्यांना पहिलीच्या वर्गांत प्रथमच भेटते, अशा मुलांची आठवण फारशा कोणाला झाली नाहीं.

अशा मुलाला बोलतें करणें हेंच पहिल्या महिन्यांतील मुख्य काम होय. त्याला प्रश्नांची सरबत्ती उपयोगी नाहीं. शिक्षकानें मुलाच्या बोलींतले पांच-पंचवीस शब्द आपण शिकावे. मुलांच्या देखत चुकावें आणि त्यांना हंसूं द्यावें. शिक्षक चुकतो व मुलें त्याला दुरुस्त करतात, ह्या एका गोष्टीनें जी भीड मोडते ती दहा गोड शब्दांनीं मोडत नाहीं. मग मुलाला चित्र काढूं द्यावें. चित्रांत दोन रेघा आणि एक वाटोळें असेल, "हें काय?" म्हणून विचारावें. मूल सांगतें, "बा खेकडा धरतोय." शिक्षकानें तेंच वाक्य, मुलाच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलतां, चित्राखालीं मोठ्या अक्षरांत लिहावें आणि बोट फिरवून वाचून दाखवावें. उद्यां तो कागद पुन्हां काढला तर मूल तें वाक्य बोट ठेवून म्हणतें. हें वाचन नव्हे, पाठांतर आहे, असें कोणी म्हणेल; तें खरेंहि आहे. पण आपण बोललेलें कागदावर बसतें आणि दुसऱ्या दिवशीं तसेंच्या तसें परत ऐकूं येतें, हा शोध त्या मुलाला लागलेला असतो. अक्षर कशासाठीं असतें हें त्याला कळलें. ज्याला हें कळलें नाहीं त्याच्याकडून बाराखडी घोटून घेतली तरी ती त्याला गाण्यासारखी येते, इतकेंच.

कानाचे खेळहि असेच सोपे. 'नाचणी' म्हणतांना तीन टाळ्या, 'करवंद' म्हणतांना चार. 'कावड' मधला 'का' काढून टाकला तर काय उरलें? वड! 'मोहर' मधला शेवटचा 'र' उडाला तर? मोह! मुलांना ह्या खेळाचें वेड लागतें. त्यांतून शब्दाचे तुकडे पडतात हें त्यांच्या कानाला समजतें, आणि मराठी लिपींत लिहावयाचे असतात ते हेच तुकडे. कानाला ते ऐकूं आल्यावर डोळ्यांना अक्षर ओळखावयास वेळ लागत नाहीं. तरीहि लिपीच्या कांहीं अडचणी आहेतच. पहिल्या वेलांटीचा उच्चार अक्षरानंतर होतो, पण ती काढावयाची अक्षराच्या आधीं. मोठ्यांना ही गोष्ट दिसेनाशी झालेली असते, मुलाला ती ठेंच लागल्यासारखी लागते.

अक्षरांचा क्रम हाहि विचार करण्याजोगा विषय आहे. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सारीं मुळाक्षरें झाल्यावर मग काना-मात्रा, आणि मग शब्द, असा क्रम धरला तर दिवाळीला भट्टीवर जाणारें मूल एकहि शब्द न वाचतां जातें. उलट क, म, र, ल एवढीं चार अक्षरें आणि एक काना घेतला तर मका, काका, मामा, मला, काल, कमल, राम इतके शब्द पहिल्या कांहीं आठवड्यांत हातीं येतात. तक्त्यावरील चित्रांचेंहि तसेंच. अननस ज्यानें उभ्या जन्मांत पाहिला नाहीं त्याला 'अ' अननसाचा आणि ऐरण पाहिली नाहीं त्याला 'ऐ' ऐरणीचा शिकवावयाचा, असा आजवरचा प्रघात. शहापूरच्या रानांत ऐनाचीं झाडें पावलोपावलीं उभीं असतां ऐरणीवांचून 'ऐ' चें अडावें हें नवल आहे. इ इरल्याचा, उ उंबराचा, ओ ओहोळाचा, ट टाकळ्याचा, श शेवळांचा. असा तक्ता शिक्षकानें मुलांकडून रानांत फिरतां फिरतां करून घ्यावा. विकतच्या तक्त्यापेक्षां तो कुरूप दिसेल, पण त्यावरचें प्रत्येक चित्र मुलांच्या ओळखीचें असेल.

गणिताचें थोडक्यांत सांगतां येईल. शंभरपर्यंत आंकडे म्हणणारें मूल बारा चिंचोके मोजतांना एकच चिंचोका दोनदां मोजतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. म्हणणें निराळें आणि मोजणें निराळें. उन्हाळ्यांत कसाऱ्याच्या बाजूस हमरस्त्यावर आईजवळ बसून करवंदांचे वांटे लावणाऱ्या मुलाला सारखेपणा, कमी-जास्त, एकाला एक हीं सारीं तत्त्वें हातानें ठाऊक असतात. शाळेनें त्यांना फक्त नांवें द्यावयाचीं. दुपारच्या जेवणाच्या वेळीं ताटें मांडणें आणि "आज किती जण? किती ताटें कमी?" हें विचारणें, हा दररोज फुकट मिळणारा गणिताचा तास आहे. मराठी संख्यानामें मात्र खरोखरच कठीण. एकवीसमध्यें एक आधीं व वीस मागाहून, लिहितांना उलट. आणि पुढें सत्त्याण्णवसारखीं जोडाक्षरें. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक' अशी जोड रीत दिली गेली, तेव्हां शहरांतून मोठा गदारोळ उठला. त्या पुस्तकाच्या मागें मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाई होत्या, आणि मुलांची अडचण त्यांनीं जवळून पाहिलेली होती. टीकाकारांचीं मुलें तोंवर बहुधा मोठीं झालेलीं असावीं.

हा सारा विचार आजचा नाहीं, आणि परदेशांतून जसाच्या तसा आलेलाहि नाहीं. बाई माँटेसोरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या, पण त्यापूर्वींच गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाचे प्रयोग आरंभिले होते. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांतच, समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामास लागल्या. महागडीं साधनें तेथें परवडण्यासारखीं नव्हतीं. म्हणून शिंपले, बिया, काड्या, मातीचीं भांडीं यांवर काम भागविण्यांत आलें. बालवाडीकडे मुलें येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेऊन बसविण्यांत आली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मास आला. १९५७ सालीं हें काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तींत गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तेथें कुरणशाळा निघाली. मुलें जेथें गुरें चारीत तेथें शिक्षकानें जावयाचें. बोर्डी व कोसबाड हीं गांवें आतां पालघर जिल्ह्यांत मोडतात. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडींतून पहिलींत पाऊल टाकतांच खेळ संपला व अभ्यास सुरू झाला, असें मानण्याची संवय अजून गेलेली नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षें हा एकच टप्पा मानला आहे, तो हीच संवय मोडावी म्हणून.

घराचा वांटा राहिला. २०२२ पासून महाराष्ट्रांत 'पहिलें पाऊल' या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे भरूं लागले. शाळेच्या अंगणांत सात टेबलें मांडतात. एकावर मूल उडी मारतें, दुसऱ्यावर वस्तु निवडतें, तिसऱ्यावर चित्र पाहून बोलतें, आणि अखेरीस आईला घरीं काय खेळावें तें सांगितलें जातें. आया एकत्र बसून आठवड्याचे खेळ ठरवितात. ज्या आईला स्वतःला वाचतां येत नाहीं तीहि डाळ-तांदूळ निवडतांना मुलाशीं बोलूं शकते, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवीं तर ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंचीच शाळा निघाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानें साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडीं नेसून, पाटी घेऊन दुपारीं शिकावयास येऊं लागल्या. आजी आणि नात एकाच अक्षरापाशीं अडखळतात, अशा घरांत पहिलीचें वर्ष निराळेंच जात असेल. नातीला तेथें "आज काय लिहिलेंस?" असें दरडावून विचारणारें कोणी नाहीं, विचारलेंच तर तें आजीला आपला धडा करून घ्यावयाचा असतो म्हणून.

आश्रमशाळेंतील मुलांची स्थिति मात्र याच्या उलट. सहाव्या वर्षीं आईपासून दूर राहणाऱ्या त्या मुलांच्या वर्गांत आरंभीं अक्षरापेक्षां मायेचें काम अधिक, आणि तें करावयास माणसें पुरेशीं असावीं लागतात. तो विषय स्वतंत्र आहे.

भट्टीवर गेलेल्या मुलाकडे पुन्हां वळलें पाहिजे. भट्टीवर कुटुंब ज्या खोपटांत राहतें त्याला 'भोंगा' म्हणतात, आणि विधायक संसद या संस्थेनें ह्याच जिल्ह्यांत मागें भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. अलीकडे शाळा सोडून जाणाऱ्या मुलाबरोबर त्याला काय काय येतें हें लिहिलेलें हमीपत्रक देण्याची पद्धत आहे. तें पत्रक भट्टीजवळच्या शाळेंत पोंचतें कीं नाहीं, हें तेथें तें पाहणारें कोणी आहे कीं नाहीं यावर अवलंबून. पुष्कळ मुलें अर्थातच सात महिने पुस्तकाचें तोंड पाहत नाहींत, आणि जूनमध्यें परत आलीं म्हणजे अक्षरें विसरलेलीं असतात. त्यांना पुन्हां पहिल्या पानावर बसविण्यांत येतें.

तसें न करतां त्या मुलाला ओली माती द्यावी. वीट पाडणें त्यानें सात महिने पाहिलें आहे, आणि आईबापांची मजुरी हजार विटांमागें ठरते हेंहि त्याला ठाऊक आहे. 'हजार' हा शब्द वर्गांतल्या इतर कोणत्याहि मुलापेक्षां त्याला अधिक जवळचा. काडेपेटीच्या खोक्यांतून तें लहान विटा पाडील, ओळींनीं वाळत घालील. एका ओळींत दहा, अशा किती ओळी झाल्या तें त्यालाच विचारावें. भट्टीवरच्या विटेवर मालकाच्या नांवाचीं अक्षरें उठविलेलीं त्यानें पाहिलेलीं असतात. तेव्हां माती ओली आहे तोंच हातांत एक काडी द्यावी, आणि ह्या विटा कोणाच्या म्हणून विचारावें. दिवाळीपूर्वीं शिकलेल्या चार अक्षरांपैकीं एखादें जर त्याच्या नांवांत असलें, तर तें बहुधा न सांगतां निघतें.